तीन नोंदी काढल्या

आमच्या ऑफिसात माझ्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हा माणूस प्रोग्रॅममधून काही खोडू देत नाही. गिऱ्हाईक गेलं, माल बंद झाला, कामगार सोडून गेला, काहीही झालं तरी ती ओळ जागेवर राहिली पाहिजे. फार तर तिच्यापुढे 'बंद' असं लिहा. कोणी वाद घातला की माझा आवाज चढतो. मग बाकीचे त्याला खुणावतात, सोड, सरांशी या एका बाबतीत बोलू नकोस. त्यांना वाटतं, इतक्या वर्षांचा अनुभव बोलतोय. अनुभव कसला डोंबलाचा, लाज बोलते. ती इतकी वर्षं पोटात ठेवून बसलो, आता सांगून टाकतो.

माझं गाव पोलादपूरच्या वर, स्टँडवरून पाऊण तास चढ चढला की लागतं. चाळीस-बेचाळीस घरं. निम्म्या घरांतली माणसं मुंबईला, त्यामुळे मुंबईत गावचं मंडळ, मंडळाला सेक्रेटरी, आणि गावात गावकी. गावकी म्हणजे सगळ्या घरांची मिळून बैठक. देऊळ, पाणी, लग्नकार्य, भांडणतंटा, सगळं तिच्या हातात. गावकीत घर असणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या मुलखात एखादं घर गावकीतून काढलं, वाळीत टाकलं, की त्या घरच्या चुलीला विस्तवसुद्धा कोणी देत नाही. आणि असं काही ठरलं तर ते कोणी पाटीवर लिहीत नाही. नुसतं नाव घ्यायचं थांबतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

या घरांची एक वही होती. एका घराला एक पान. वर घराचा नंबर, त्याखाली कर्त्याचं नाव, त्याखाली बाकीची माणसं. वही सांभाळायचे ते आमच्या वाटेवरचे एक काका. सख्खे नव्हेत, पण गावात सगळेच काका असतात. पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. गाडी कुठली, कुठे लागली, किती उशीर, हे आयुष्यभर माइकवर पुकारून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात मीठ मागितलं तरी फलाटावर ऐकू जावं. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते तेव्हा पुढे चालत वहीतून एकेक घर पुकारायचं काम त्यांचंच. नाव पुकारलं की त्या घरची बाई ताट घेऊन अंगणात येणार, पालखी उभी राहणार, तिच्या हातचा नारळ देवाला लागणार. पुकारल्याशिवाय कोणी उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, ही रीत.

काका-काकींना मूलबाळ नव्हतं. मी पोलादपूरच्या शाळेत होतो तेव्हा शनिवारी चढ चढून आलो की त्यांचं घर आधी लागायचं. काकी मला हाक मारायची, "ये रे, भाकरी खाऊन जा." तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वर ताक. घरी जाऊन मी पुन्हा जेवायचो आणि आईची बोलणी खायचो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं त्याचं वजन कळेल.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात वहीची शिवण सुटली होती म्हणून काकांनी ती महाडला बाजारपेठेत बाइंडर चाचांकडे दिली होती. आणि महाडात पाणी शिरलं. चाचांचं दुकान बुडालं, घर बुडालं, पण पळायच्या आधी त्यांनी आमची वही माळ्यावर फेकली होती. पुढे चिखल उपसून झाल्यावर त्यांनी तिचं पान न् पान दोरीवर वाळवलं आणि स्वतः गावात आणून दिली. पानं सगळी शाबूत, शाई तेवढी फुटलेली. मुंबईच्या मंडळात ही बातमी गेली आणि सेक्रेटरीनं मला पुण्याला फोन केला. म्हणाला, तू गावचा पहिला इंजिनिअर, ही वही कॉम्प्युटरवर घे, म्हणजे पुन्हा भिजायची भानगडच नको.

मला तेच पाहिजे होतं. त्या वर्षी ऑफिसात मी एक नवीन विद्या शिकलो होतो आणि अंगात वारं भरल्यासारखा वागत होतो. ती विद्या सोप्या भाषेत सांगायची तर अशी: माहिती ठेवायची असते तक्त्यांमध्ये, म्हणजे टेबलांत, ओळीखाली ओळ. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ओळींमध्ये विचार करायला आवडत नाही. त्याला वस्तू लागतात, ऑब्जेक्ट. घर नावाची एक वस्तू, तिच्या पोटात माणसं. मग टेबलातली कुठली ओळ म्हणजे कुठली वस्तू, आणि कोण कोणाच्या पोटात, हे एका फाइलीत एकदा लिहून द्यायचं. त्याला मॅपिंग म्हणतात. एकदा ते जुळवलं की टेबलांकडे बघायचं कामच नाही, वस्तू हलवली की ओळी आपोआप हलतात.

आता यात एक मेख आहे. टेबलात कोणी कोणाच्या पोटात नसतं. माणसाच्या ओळीत फक्त घराचा नंबर असतो, म्हणजे मी या घरचा, एवढंच ती ओळ म्हणते. घराच्या ओळीत कर्त्याचा नंबर असतो. कोण कोणाचा मालक, कोणाबरोबर कोणी जायचं, हे टेबलाला ठाऊक नसतं. ते मॅपिंग लिहिणारा ठरवतो. म्हणजे मी ठरवलं. मी सगळ्यात वर कर्ता ठेवला, कर्त्याच्या पोटात घर, घराच्या पोटात माणसं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर काकांनी उलटं सांगितलं असतं. पण विचारायला मी कुठे तयार होतो!

दिवाळीला लॅपटॉप घेऊन गावी गेलो आणि काकांच्या ओटीवर बसलो. ते फुटक्या शाईतून वाचत होते, मी बडवत होतो. दोन दिवस काकी चहा आणून देत होती. मधेच काकांनी चष्मा वर करून विचारलं, की माणूस गेला तर तुझ्या मशीनमध्ये काय करायचं. मी म्हटलं, काढून टाकायचा, एक बटण आहे. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"माणूस जातो रे," ते म्हणाले. "घर नाय जात. म्या आजवर एक पान नाय फाडलं. माणसाच्या मागं कैलासवासी लिवायचं, आन् घर चालू."

मी हो हो म्हटलं. खरं सांगू, मला हसू आलं होतं. स्टँडवरचा माणूस, याला घरसुद्धा गाडीसारखं चालू आणि बंद दिसतं, असं मनात आलं. दीडशहाणा होतो मी, दुसरा शब्द नाही.

पुण्याला येऊन चाचणी घेताना मी खोटीखोटी घरं भरली आणि एक कर्ता काढायला गेलो. टेबलानं नकार दिला. लाल अक्षरांत उत्तर आलं, की या ओळीवर दुसऱ्या ओळी अवलंबून आहेत, ही काढता येणार नाही. मशीन मला त्याच्या भाषेत तेच सांगत होतं जे काकांनी ओटीवर सांगितलं होतं, बाबा रे, याच्यामागे माणसं आहेत. मी काय केलं? ती लाल अक्षरं डोळ्यांसमोर नकोत म्हणून मॅपिंगच्या फाइलीत एक शब्द लिहिला. त्या शब्दाचा अर्थ, वरचा गेला की त्याच्या पोटातले सगळे आपोआप काढ. लाल अक्षरं गेली. मला वाटलं, काय सफाईदार काम झालं.

पुढच्या शिमग्यात मी छापील यादी दिली तेव्हा काकांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि पुकारलं मात्र वहीतूनच. वही बाजूला ठेवा असा मी हट्ट धरला होता, मला राग आला.

त्याच वर्षी गणपती गेले आणि काका आजारी पडले. महाडला दवाखान्यात होते. काकीचं माहेर तुडीलचं. तिथून तिचा भाचा येऊन राहिला, रात्रंदिवस त्यानं केलं. काका गेले तेव्हा अग्नी कोणी द्यायचा यावरून भावकीत कुरबूर झाली. रीतीनं पुतण्याचा मान. काकी म्हणाली, ज्यानं पाणी पाजलं तोच देईल, आणि भाच्याला पुढे केलं. उघड कोणी काही बोललं नाही, पण तेराव्याला मी गेलो तेव्हा पंगतीत माना वळवून कुजबुज चालली होती. मी पुण्याला निघून आलो.

शिमग्याच्या पंधरा दिवस आधी सेक्रेटरीचा फोन आला. यंदा पुकारायचं तू, तुझीच यादी आहे, आणि वर्षाचे बदल तेवढे करून आण. दोन घरांत बाप जाऊन मुलगा कर्ता झाला होता. तिसरं काकांचं घर, नंबर सतरा. दुपारी डबा उघडायच्या आधी मी प्रोग्रॅम उघडला. कर्ता बदलायच्या जागी नवीन कर्त्याचं नाव निवडायची एक यादी मी करून ठेवली होती, आणि तिच्यात घरातले पुरुषच येतील अशी सोय मीच केली होती. कोणी मागितली होती? कोणी नाही. पहिल्या दोन घरांत मुलांची नावं आली. सतराव्या घराला यादी रिकामी. मी दोन क्षण बघितलं आणि बाजूचं बटण दाबलं, 'काढा'. वाटलं, काका निघतील, काकी राहील, नंतर बघू.

पडद्यावर आलं, 'तीन नोंदी काढल्या'.

मी ते वाचलं. माणूस एक गेला आणि नोंदी तीन कशा, एवढं विचारायला गणित लागत नाही. एक कर्ता, एक घर, एक काकी. मी खिडकी बंद केली आणि डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती, अजून आठवते.

यादी ऑफिसात छापली आणि गावी जाताना महाडला उतरून तिला लॅमिनेशन करून घेतलं. गुलाल पडला तरी अक्षर फुटायला नको, ही अक्कल. हातात ते चकचकीत कागद धरून पोलादपूरच्या गाडीत बसलो तेव्हा काय माझा रुबाब!

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं त्या घरचा दुखवटा पालखी काढते. पालखी अंगणात उभी राहून घरच्या बाईचा नारळ देवाला लागेपर्यंत त्या घरानं सण करायचा नाही, दारात रांगोळी नाही, दुसऱ्याच्या शुभकार्याला पाय नाही. विधवा असो की सवाशीण, नारळ तिच्याच हातचा लागतो. म्हणजे त्या दिवशी बाकी बहुतेक घरांना पालखी यायची होती ती सणाची. काकीला ती पाहिजे होती माणसांत परत यायला.

खालूबाजा वाजत होता, ढोल आणि सनई. मी पांढरा सदरा घालून पुढे. एक घर पुकारलं, पालखी नाचली, नारळ झाला, पुढचं. आवाज काकांसारखा काढायचा प्रयत्न करत होतो. लोक कौतुक करत होते. ऊन टळायला लागलं तेव्हा सोळावं घर झालं आणि आम्ही वाटेवर आलो.

काकीनं अंगण सारवलं होतं. ओलं होतं अजून, कडेला शेणाचा हात उमटलेला दिसत होता. ती उंबऱ्याच्या आत उभी, धुतलेलं लुगडं, हातात ताट, ताटात नारळ, तांदूळ आणि दिवा. दिव्याला वारा लागू नये म्हणून एक हात आडवा धरलेला. ती पालखीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. नवऱ्याचं नाव माझ्या तोंडून ऐकायला उभी होती ती.

भोई सवयीनं तिच्या अंगणाकडे अर्धे वळले होते. मी कागदाकडे बघितलं. सोळानंतर अठरा.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. तीन नोंदी, लाल अक्षरं, तो एक शब्द, सगळं डोळ्यांपुढून गेलं. करायचं काय होतं? तोंड उघडून काकांचं नाव पुकारायचं. कागदावर नसलं म्हणून काय झालं, ते नाव मला कळत्या वयापासून पाठ होतं. फार तर नंतर कोणी विचारलं असतं, यादीत नव्हतं का रे, आणि मला सांगावं लागलं असतं की माझ्या हातून चूक झाली. एवढंच. पण चारशे डोळे माझ्यावर, हातात लॅमिनेशन केलेला कागद, मागच्या वर्षी वही बाजूला ठेवा म्हणून हट्ट धरलेला मी. माझ्या कागदाबाहेरचं नाव मी घेतलं तर वही जिंकली असती. हे असं शब्दांत तेव्हा मनात आलं नसेल, पण तेच होतं.

मी अठराव्या घराचं नाव पुकारलं.

बाजा मिनिटभर गडबडला. पुढच्या भोयानं माझ्याकडे बघितलं. मानकरी म्हातारे होते, त्यांनी मान खाली घातली. कोणी विचारलं नाही, अरे सतरावं राहिलं. बेचाळीस घरांच्या गावात कोणाचं घर राहिलं हे आंधळ्यालाही कळतं, पण प्रत्येकाला वाटलं, बाकीच्यांनी ठरवलं असणार. अग्नीची कुरबूर सगळ्यांच्या मनात होतीच. आणि असल्या वेळी जो विचारतो तोही ओढला जातो. भोई वळले. मी एकदा मागे बघितलं. काकी ताट घेऊन आत चालली होती, दिवा तसाच आडोशाला धरून.

पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या नेहमीच्या चौथऱ्यावर, बसली तेव्हा सेक्रेटरी माझ्या कानाशी आला. हळूच म्हणाला, कधी ठरलं हे, मला कोणी कळवलं कसं नाही. अजूनही वेळ गेलेली नव्हती. पालखी उचलून शंभर पावलं मागे न्यायची होती फक्त.

"यादी आली तशी वाचली," मी म्हटलं.

यादी आली! कुठून आली? आभाळातून पडली? त्यानं समजून मान डोलावली आणि निघून गेला. मूग गिळून गप्प बसलो असतो तरी बरं, मी तर बोलून खोटेपणा केला. माझ्या त्या चार शब्दांनी जे कोणीच ठरवलं नव्हतं ते ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पळालो. हो, पळालोच. पुण्याला जाऊन तो शब्द बदलला, पाच मिनिटांचं काम. घराची ओळ सगळ्यात वर घेतली, कर्ता माणसांतला एक करून टाकला, काकीचं नाव पुन्हा भरलं, नवी यादी सेक्रेटरीला पाठवली. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. प्रोग्रॅम दुरुस्त झाला म्हणजे चूक दुरुस्त झाली अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. सेक्रेटरीनं ती यादी पुढच्या शिमग्यासाठी ठेवून दिली, उघडलीसुद्धा नसेल.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, काकी माहेरी गेली, घराला कुलूप लावून. मी विचारलं, का? आई सांगू लागली, की गिरणीवर काकीचं दळण तसंच पडून राहायला लागलं, कोणी तिच्याशी बोलेना, दोन लग्नं झाली पण तिला अक्षत गेली नाही.

"मी पन गेले नाय रे तिच्याकडं," आई म्हणाली. "तुज्या बापाला इचारलं, जाऊ का. तर ते म्हनले, यादीत नाव नाय."

माझी आई. जिच्या बाळंतपणात काकी महिनाभर येऊन राहिली होती. माझ्या यादीमुळे माझी आई तिच्याकडे गेली नव्हती.

त्या शनिवारी मी महाडला उतरलो आणि तुडीलची एसटी धरली. दासगावपर्यंत परत फिरावंसं वाटत होतं. काकी भाच्याच्या पडवीत चिंच फोडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, घरची विचारपूस केली. मी सगळं सांगायला घेतलं. टेबल म्हणजे काय, ओळ कशी असते, मी कर्त्याला वर ठेवलं ते कसं चुकलं, एक गेला की खालचे कसे आपोआप निघतात. अर्धा तास बोलत होतो. ती चिंचोके बाजूला करत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं,

"म्हंजे गावकीनं नाय काढलं मला?"

"नाही, काकी. कोणीच नाही. माझ्या हातून गेलं नाव."

तिनं डोळे मिटले. तिच्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरलेलं मला दिसलं. म्हणाली, मी आपली रोज विचार करायचे, भाच्याला अग्नी द्यायला लावला ते चुकलं का माझं, त्यांना तिकडे गती मिळाली असेल की नाही. दोन महिने ती हे घेऊन झोपत होती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी उंबऱ्यातून बघितलं होतं तसंच.

"तू मला बघितलं व्हतंस ना रे, दारात?"

नाही म्हणता आलं असतं. गुलाल होता, ऊन तोंडावर होतं, बाजा होता.

"बघितलं," मी म्हटलं.

"हातात ताट व्हतं माज्या."

"हो."

"मंग त्या मशीनचं काय सांगतोस मला?"

रागानं नाही म्हणाली. पुन्हा चिंच फोडायला लागली. थोड्या वेळानं उठून तिनं मला जेवायला वाढलं, भात आणि खाडीच्या माशाचं कालवण, आणि लाज अशी की मी ते जेवलो. निघताना तिनं ट्रंकेतून वही काढून दिली. एसटीत मी सतरावं पान उघडलं. फुटक्या शाईच्या खाली काकांनी नवीन शाईनं लिहिलं होतं, अक्षर हललेलं होतं, दवाखान्यात असताना लिहिलेलं असणार. काकीचं नाव, आणि पुढे दोन शब्द: घर चालू. वर्षाचे बदल मागायला मी कधी वहीकडे गेलोच नव्हतो.

पावसाआधी गावकी बसली तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. लोकांना हायसं वाटलं. होय होय, कॉम्प्युटरची चूक, कोणीतरी हसलंसुद्धा. मी म्हटलं, कॉम्प्युटरची नाही, मी तिला दारात उभी बघितली होती आणि पुढचं नाव वाचलं. मी बघितली होती म्हटलं की सगळ्यांनीच बघितली होती, आणि ते कोणाला नको होतं. विषय पाण्याच्या टाकीवर गेला. नंतर दोघे जाणते तुडीलला जाऊन काकीला बोलावून आले. तिनं चहा दिला, येते म्हणाली.

पुढचा शिमगा आला. पुकारायला मीच, या खेपेला हातात वही. सोळावं घर झालं, वाटेवर आलो. काकीच्या अंगणात गवत वाळलेलं होतं, दाराला कुलूप होतं. मी काकांचं नाव पुकारलं, त्यांच्याखाली काकीचंही. भोई अंगणात शिरले आणि पालखी दारासमोर उभी राहिली. बाजा थांबला. नारळ कोण देणार? घरच्या बाईशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचा चालत नाही. सगळे वाटेकडे बघत होते, खालून चढावरून कोणी येतंय का. मी पण बघत होतो. दुखवटा होता तसाच त्या दारात होता.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. शेवटी पुढचा भोई, मागच्या वर्षी ज्यानं माझ्याकडे बघितलं होतं तोच, खालच्या आवाजात म्हणाला, "वाच पुढचं. खांदे दुखायला लागले."

मागच्या वर्षी मला कोणी सांगायची गरज लागली नव्हती. मी पान उलटलं आणि अठरावं घर पुकारलं.